लेसर पेटवणं सोपं, वेळेवर विझवणं अवघड

टीव्हीचा रिमोट घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि कुठलंही बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बहुतेक फोनांच्या स्क्रीनवर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. ही लुकलुक कॅमेऱ्याला दिसते त्यापेक्षा फार वेगवान असते. रिमोटमधली एलईडी बटण दाबल्यावर सेकंदाला साधारण 38,000 वेळा या वेगानं लागते आणि विझते.

एवढी उठाठेव कशाला? नुसता दिवा लावला असता तर टीव्हीला कळलं नसतं का? नसतं. परभणीत मे महिन्याच्या दुपारी दार उघडं असलं की घरात येणाऱ्या उजेडात रिमोटच्या प्रकाशासारखाच अवरक्त प्रकाश असतो, आणि तोही रिमोटच्या कितीतरी पट. टीव्हीतल्या रिसीव्हरनं ‘उजेड आला का’ एवढंच पाहायचं ठरवलं असतं, तर तो दिवसभर आपोआप चॅनेल बदलत बसला असता. म्हणून तो किती उजेड आहे ते पाहतच नाही. ठरलेल्या वेगानं थरथरणारा उजेड आहे का, तेवढं शोधतो. ऊन तसं थरथरत नाही.

प्रकाश असा तोडून तोडून सोडला की तो गर्दीत ओळखू येतो. त्याची सुरुवात कधी झाली हे सांगता येतं, म्हणून त्यानं वेळ मोजता येते. आणि थोडी वीज साठवून एका दमात सोडली तर क्षणापुरता प्रचंड जोर काढता येतो. महामार्गावरची स्पीडगन, घरातलं फायबरचं इंटरनेट, वाळूजच्या कारखान्यात पार्टवर नंबर कोरणारं मशीन, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आलेली जाळी काढणारं यंत्र, ही सगळी याच भांडवलावर चालतात. कौतुक मात्र लेसरच्या झोताचं होतं. झोतामागे एक सर्किट बसलेलं असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लेसरला किती वीज द्यायची, कधी द्यायची आणि कधी तोडायची, हे ते सांभाळतं. माझ्या मते निम्मं श्रेय त्याचं आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

समृद्धीवरचा हिशेब

समृद्धी महामार्गावर जालना सोडून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की रस्ता असा सुतासारखा सरळ, की पाय आपोआप दाबला जातो. सपाट भागात कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. चलन आलं की घरोघर पहिला वाद एकच होतो: एवढ्या लांबून त्यांना आपला वेग कळलाच कसा? काही यंत्रं रडारची असतात, ती रेडिओ लहरी वापरतात. नेम धरून रोखायची लेसर स्पीडगन मात्र फोटोवरून वेग काढत नाही आणि कसला अंदाजही बांधत नाही. ती वेळ मोजते.

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, 30 सेंटिमीटर जातो. गाडी 300 मीटरवर असेल तर गनमधून निघालेला झोत नंबरप्लेटवर आपटून परत यायला 2 मायक्रोसेकंद लागतात. नेम नंबरप्लेटवर धरतात याला कारण आहे. प्लेटवरचा परावर्तक थर पडलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो, रंगवलेलं बॉनेट तो इकडे-तिकडे उधळतं.

एका झोतानं फक्त अंतर कळलं. समजा एक हजारांश सेकंदानं दुसरा झोत सोडला. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटरच्या थोडं वर, तेव्हा या मधल्या काळात गाडी 3.3 सेंटिमीटर पुढे सरकली आणि दुसरा झोत पहिल्यापेक्षा 0.22 नॅनोसेकंद लवकर परतला. इतक्या बारीक फरकावर कुणी चलन फाडू नये, आणि गनही फाडत नाही. ती अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर असे कित्येक झोत सोडते, प्रत्येकाचं अंतर मांडते आणि त्या ठिपक्यांमधून सरळ रेषा ओढते. रेषेचा उतार म्हणजे वेग. मधेच ट्रक आडवा आला किंवा हात हलला तर ठिपके रेषेवर बसत नाहीत, मग गन आकडाच देत नाही.

हाच हिशेब चंद्रापर्यंत लागू आहे. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये चंद्रावर आरसे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेली लेसरची पल्स, म्हणजे क्षणापुरता सोडलेला झोत, तिथं जाऊन परत यायला अडीच सेकंदांच्या थोडं वर लागतात. त्या मोजणीतूनच चंद्र आपल्यापासून वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातोय हे कळलं. आपल्या चांद्रयान 3 च्या विक्रम लँडरवरही नासानं दिलेला असा एक इवलासा परावर्तक आहे. डिसेंबर 2023 मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं सुमारे 100 किलोमीटरवरून त्यावर पल्स सोडल्या आणि त्या परत आल्या.

आता यातली खरी गोम बघा. पल्स 10 नॅनोसेकंदांची असेल तर हवेतून जाताना तिची लांबी 3 मीटर भरते. तीन मीटर लांबीच्या वस्तूनं सेंटिमीटर मोजायचे असतील तर तिचं पुढचं टोक धारदार पाहिजे. हळूहळू उजळत जाणाऱ्या झोताची सुरुवात नेमकी कुठली धरायची? म्हणजे लेसर एकदम पेटला पाहिजे. इथं ड्रायव्हर कामाला येतो.

एक मिलिमीटर तारेची किंमत

अशा गनमध्ये, ड्रोनखाली लावलेल्या, लेसरनं अंतरं मोजणाऱ्या लायडारमध्ये आणि हल्लीच्या काही रोबोंमध्ये बहुतेक वेळा लेसर डायोड असतो, म्हणजे वीज दिली की थेट लेसर सोडणारा स्फटिक. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे रंगाचं माप, 905 नॅनोमीटर असते. स्फटिक मिलिमीटरभराचासुद्धा नसतो. त्यात क्षणभर 30 अँपिअर सोडले तर 70-75 वॅटचा प्रकाश बाहेर पडतो. घराच्या मेनला 32 अँपिअरचा एमसीबी असतो, म्हणजे अख्ख्या घराची वीज त्या कणातून जाते. सलग दिली तर तो लगेच जळेल. म्हणून ती द्यायची 10 नॅनोसेकंद, मग आराम. सेकंदाला 1,000 पल्स सोडल्या तरी सरासरी प्रकाश 1 मिलिवॅटच्या आतच राहतो. त्यामुळे गन छोट्या बॅटरीवर चालते आणि समोरच्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यालाही धोका राहत नाही.

कागदावर सोपं आहे: वीज साठवणारा कपॅसिटर भरा, खटका दाबा. प्रत्यक्षात कुठल्याही तारेला आपल्यातून जाणारा प्रवाह एकदम बदललेला खपत नाही. बदल जितका झपाट्याचा, तितका विरोध जास्त, आणि तो मोडून काढायला तितकेच व्होल्ट जास्त लागतात. याला इंडक्टन्स म्हणतात. सर्किट आखणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा की एक मिलिमीटर तारेला एक नॅनोहेन्री इंडक्टन्स. एका नॅनोसेकंदात 30 अँपिअर चढवायचे तर त्या एका मिलिमीटरसाठी 30 व्होल्ट मोजावे लागतात. डायोडचे दोन पाय मिळून अर्धा सेंटिमीटर जरी लांब राहिले तरी 150 व्होल्ट गेले. डायोडला स्वतःला लागतात जेमतेम दोन ते दहा.

म्हणजे या ड्रायव्हरमध्ये सर्वांत महाग वस्तू आहे रिकामी तार. कारागिरी सगळी अंतर कमी करण्यात जाते. कपॅसिटर डायोडला अगदी चिकटून बसवतात, एकाऐवजी चार-पाच छोटे समांतर लावतात, प्रवाहाचा परतीचा रस्ता बोर्डाच्या लगेच खालच्या थरातून काढतात. खटका म्हणून पूर्वी अॅव्हलांच ट्रान्झिस्टर वापरत, नंतर मॉस्फेट आले, आता गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आहेत. ते नॅनोसेकंदाच्या आसपास चालू-बंद होतात आणि त्यांना पायच नसतात, पोटावरच सोल्डर होतात. पाय कापले म्हणजे इंडक्टन्स कापला.

पेटवलं, आता विझवायचं. ट्रान्झिस्टर बंद केल्यावर तारेत साठलेली ऊर्जा मुकाट्यानं जात नाही. ती उलट्या दिशेनं उसळी मारते, पुन्हा सरळ येते, अशी थोडा वेळ हेलकावत राहते. लेसर डायोड उलटा व्होल्टेज फार सोसत नाही. म्हणून त्याला समांतर, उलट्या दिशेनं, एक जलद डायोड लावतात, म्हणजे उसळी त्यातून निघून जाते. एवढा स्वस्तातला डायोड वगळला की महागडा लेसर लवकर मंद पडू शकतो, आणि मग दोष लेसर बनवणाऱ्याला दिला जातो.

डायोड लेसर जन्मला तोच पल्सवर. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट हॉल यांनी 1962 मध्ये तो पहिल्यांदा चालवला तेव्हा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, प्रचंड प्रवाहाचे क्षणिक झटके देऊन चालवावा लागला होता. खोलीच्या तापमानाला सलग चालणारा डायोड लेसर यायला 1970 उजाडलं.

आपल्याकडच्या उन्हाचंही यात काम आहे. डायोड तापला की त्याच्या प्रकाशाचा रंग सरकतो, दर अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटर. 25 अंशांवर 905 नॅनोमीटर देणारा डायोड, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर 60 अंशांना पोहोचला की 915 च्या पुढे गेलेला असतो. रिसीव्हरच्या तोंडावर ऊन गाळायला जी रंगीत गाळणी बसवलेली असते तिची फट अरुंद ठेवली तर स्वतःचाच परतलेला झोत ती अडवते. रुंद ठेवली तर ऊन आत येतं. थंड देशात बसून आखलेलं यंत्र बीड-लातूरच्या एप्रिलमध्ये लंगडतं ते असल्या गोष्टींवरून.

बत्तीस घरं, एक फायबर

गल्लीत फायबर आलं असेल तर तुमच्या भिंतीवरच्या डब्यातही, ज्याला ओएनटी म्हणतात, एक लेसर आणि त्याचा ड्रायव्हर आहे. खांबावरच्या डब्यात एक स्प्लिटर असतो. एक फायबर येते, 32 घरांना फुटते. वरून खाली येणारा प्रकाश सगळ्यांकडे जातो आणि प्रत्येक डबा आपल्या नावाचं तेवढं उचलतो. खालून वर जाताना पंचाईत होते, कारण 32 लेसर एकाच काचेत प्रकाश ओततात. दोघे एकदम बोलले की तिकडे दोघांचंही कळत नाही. म्हणून प्रत्येक घराला मायक्रोसेकंदांत मोजलेली पाळी दिलेली असते. आपली पाळी आली की पेटायचं, भराभर बोलायचं, संपली की पूर्ण काळोख.

बोलतानाची पद्धत वेगळी आणि गप्प बसतानाची वेगळी. बोलताना ‘एक’ म्हणजे झगझगीत आणि ‘शून्य’ म्हणजे मंद. ‘शून्या’ला पूर्ण विझवत नाहीत, कारण विझलेला लेसर पुन्हा पेटायला क्षणभर रेंगाळतो, आणि जिथं एका अक्षराला एका नॅनोसेकंदाहून कमी वेळ आहे तिथं रेंगाळणं परवडत नाही. ड्रायव्हर त्याला उंबरठ्याच्या जरा वर धुगधुगत ठेवतो. पाळी संपल्यावर मात्र ती धुगधुगसुद्धा चालत नाही. एकतीस घरांची मंद गळती एकत्र झाली की बत्तिसाव्याचं बोलणं त्यात बुडतं.

एखाद्या डब्याचा ड्रायव्हर बिघडून लेसर पेटलेलाच राहिला तर? अख्ख्या गल्लीचं नेट जातं. गंमत अशी की ज्याच्या घरात बिघाड आहे त्याच्या डब्यात तुम्हाला वेगळं असं काही दिसणार नाही. फायबरवाला येतो, पॉवर मीटर लावतो, “मायनस एकवीस येतेय, चांगली आहे,” म्हणतो आणि डोकं खाजवतो. खाली येणारी पॉवर ठीकच असते, गोंधळ वर जाणाऱ्या प्रकाशात असतो. मग स्प्लिटरपाशी एकेक फायबर उपसून बघायचं. ज्याची काढल्यावर बाकी गल्ली जिवंत होते, तो डबा दोषी. हा मायनस एकवीस काय प्रकार? प्रकाशाची ताकद मोजायच्या डीबीएम या पट्टीवर मायनस वीस म्हणजे वॅटचा एक लाखावा भाग. एवढ्याशा प्रकाशावर सिनेमा चालतो. मायनस सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेला की लाल दिवा लुकलुकायला लागतो.

पल्स न देणारा लेसरही याच भागात येतोय, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी 4 किलोमीटर. गुरुत्वीय लहर आली की त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक पडतो, तो लेसरनं पकडायचा. तिथला लेसर सलग जळतो आणि तो अजिबात थरथरू नये यासाठी सगळी धडपड असते. स्पीडगनच्या ड्रायव्हरला नॅनोसेकंदात 30 अँपिअरची उडी मारता आली पाहिजे. लायगोच्या लेसरमागच्या इलेक्ट्रॉनिक्सनं हलताच कामा नये. दोन्ही तितकीच अवघड कामं आहेत.

साठवायचं आणि सोडायचं

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटलं की शेतकरी काय करतो? बारीक धार थेट दांडाला लावली तर ती वाटेतच जिरते, शेवटच्या सरीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रात्रभर हौदात पाणी साठवायचं आणि सकाळी एकदम सोडायचं. पाणी तेवढंच, पण जिरायला सवड मिळत नाही, लोट थेट टोकाला जातो. धातूवर पडणाऱ्या लेसरचं तंतोतंत असंच आहे. सलग मंद झोत पडला तर उष्णता आजूबाजूच्या लोखंडात पसरून जाते, पार्ट नुसता कोमट होतो. तीच ऊर्जा 100 नॅनोसेकंदांत सोडली तर पसरायला वेळच नाही. वरचा बारीकसा थर उडून जातो आणि खालचं लोखंड गार राहतं.

वाळूज, चिखलठाणा, शेंद्रा एमआयडीसीतल्या ऑटो पार्टच्या कारखान्यांत फायबर मार्किंगचं मशीन आता नवलाचं राहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी 20 वॅटचं असतं. 20 वॅट म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबइतकी वीज, त्यावर स्टीलवर नंबर कसा कोरला जाईल, असं नवीन ऑपरेटरला वाटतंच. हिशेब करा. सेकंदाला 20,000 पल्स, म्हणजे प्रत्येकीत 1 मिलिज्यूल. ती 100 नॅनोसेकंदांत खर्ची पडते. त्या क्षणापुरती ताकद झाली 10,000 वॅट, तीही केसाहून बारीक ठिपक्यावर. मशीनजवळ उभं राहिलं की जो चिर्रर्र आवाज येतो तो या पल्सांचा. प्रत्येक पल्सनं धातूची चिमूटभर वाफ उडते, हवेला टिचकी बसते. दोन छोटे आरसे झोत फिरवत नेतात आणि बेअरिंगच्या कडेवर काळा-पांढरा चौकोनी कोड तयार होतो.

लेसरमधली ही साठवणूक होते कशी? लेसर म्हणजे दोन आरशांमध्ये ठेवलेला, ऊर्जा भरून घेणारा पदार्थ. आरशांमध्ये प्रकाश मागे-पुढे जाऊ लागला की साठलेली ऊर्जा झोत बनून बाहेर येते. मधे अडसर घातला तर प्रकाशाला येरझाऱ्या घालता येत नाहीत, ऊर्जा साठत जाते. अडसर झटकन काढला की सगळी एकाच पल्समध्ये बाहेर. याला क्यू-स्विच म्हणतात. रॉबर्ट हेलवर्थ यांनी 1961 मध्ये कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती मॅकक्लंग यांच्याबरोबर करून दाखवली. थिओडोर मायमन यांचा 16 मे 1960 चा जगातला पहिला लेसरही पल्सचाच होता. माणकाच्या कांडीभोवती फोटोग्राफीचा सर्पिल फ्लॅश दिवा आणि त्याला झटका द्यायला भरलेला कपॅसिटर, एवढीच सामग्री. एका नामांकित नियतकालिकानं त्यांचा लेख नाकारला, तो मग ‘नेचर’मध्ये आला.

मार्किंग मशीनमधला क्यू-स्विच जरा तऱ्हेवाईक असतो. त्यातल्या स्फटिकात रेडिओ वारंवारतेची वीज सोडली की आत ध्वनिलहरी तयार होतात आणि त्या प्रकाशाला वाटेवरून ढळवतात. म्हणजे ड्रायव्हर चालू असेपर्यंत लेसर अडलेला, आणि ड्रायव्हरनं वीज तोडली की पल्स सुटते. नव्या मेंटेनन्सवाल्याचं डोकं इथं हमखास फिरतं. झोत कमी येतोय म्हणून तो ड्रायव्हरची वीज वाढवायला जातो.

यापुढची पायरी म्हणजे मोपा पद्धतीची मशीनं. यात सुरुवातीला एक छोटा डायोड असतो, त्याला ड्रायव्हर हवी तशी पल्स देतो, दोन नॅनोसेकंदांची म्हणा नाहीतर दोनशेची, आणि मग फायबरमध्ये ती पल्स मोठी केली जाते. पल्सची लांबी ड्रायव्हरच्या हातात आल्यामुळे कामाची तऱ्हाच बदलते. स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा पातळ थर किती जाड बसवायचा ते ठरवता येतं, आणि त्या जाडीप्रमाणे निळा, सोनेरी, जांभळा असे रंग उमटतात. शाई कुठंच नाही. ताटावर, पाण्याच्या बाटलीवर रंगीत नाव टाकून देणारे दुकानदार हेच करतात.

लग्नपत्रिका, अॅक्रिलिकच्या पाट्या, लाकडी नक्षी कापणारं मशीन मात्र वेगळ्या जातीचं. ते कार्बन डायऑक्साइड वायूचं. त्याचा शोध 1964 मध्ये बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी लावला. ते जन्मले बारामतीत, शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव ठळक असायला हवं होतं.

गोंदण, डोळ्याची जाळी

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवणारी एक गोष्ट म्हणजे हातावरचा टॅटू. सैन्यभरतीत टॅटूबद्दल कडक नियम आहेत, म्हणून तो काढायचा असतो. शाईचे कण कातडीच्या आतल्या थरात, नॅनोमीटरांत मोजावे इतके लहान. एवढा कण तापला तर काही नॅनोसेकंदांत, बऱ्याचदा त्याहूनही लवकर, आपली उष्णता आजूबाजूला देऊन टाकतो. तेवढ्याच वेळात त्याला तापवलं तर तो एकटाच फुटतो आणि कातडी वाचते. जास्त वेळ लावला तर कातडी भाजते, व्रण राहतो. ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडली. फुटलेले तुकडे शरीरातल्या पांढऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात, म्हणून दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. पॅकेजवाल्यांनी ‘एकाच बैठकीत साफ’ म्हटलं तरी पांढऱ्या पेशींना घाई करता येत नाही. आजीच्या कपाळावरचं हिरवं गोंदणही याच मार्गानं निघेल, पण ती काढू देईल तर.

डोळ्याचं काम आणखी नाजूक. मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागतं. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. परत आलेला नसतो; भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते, तिलाच जाळी म्हणतात. इथं 1064 नॅनोमीटरचा लेसर काही नॅनोसेकंदांची पल्स देतो, एक-दोन मिलिज्यूलची. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातून आरपार जातो, वाटेत काही बिघडवत नाही. नेमक्या बिंदूवर एकवटला की तिथं क्षणभर ताकद लाखो वॅट होते, एक सूक्ष्म ठिणगी पडते आणि तिच्या धक्क्यानं पिशवीला भोक पडतं. चिरा नाही, टाका नाही, पेशंटला बारीकसं ‘टक्’ ऐकू येतं. हा प्रकाश अदृश्य असल्यामुळे डॉक्टरांना नेम धरायला शेजारून लाल लेसर सोडावा लागतो.

याहून लहान पल्सही आहेत. फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग. फेमटोसेकंदांच्या पल्सची ताकद वाढवताना लेसरच फुटायचा. डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी 1985 मध्ये पल्स आधी ताणायची, मग वाढवायची, मग आवळायची अशी युक्ती काढली. 2018 च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

डोळे झाकले तरी उशीर

मिरवणुकीतल्या डीजेच्या लेसरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येऊन गेल्या, काही ठिकाणी बंदीचे आदेशही निघाले. तो हिरवा-निळा झोत निदान दिसतो तरी. एमआयडीसीतल्या मार्किंग मशीनचा 1064 नॅनोमीटरचा झोत दिसतच नाही. लख्ख उजेडाला डोळा मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला 20,000 पल्सच्या मशीनमधून तेवढ्या वेळात 5,000 पल्स आत गेलेल्या असतात, आणि अदृश्य उजेडाला तर डोळा मिटायचं कारणच नाही. पहिली पल्सच पडद्याला पुरेशी असते. चकचकीत पार्टवरून उडालेला झोतही त्यात आला.

म्हणून मशीनच्या पेटीचं दार उघडलं की झोत बंद करणारा इंटरलॉक असतो. काम पटपट उरकावं म्हणून तो वायर टाकून कायमचा बायपास केलेला बऱ्याच शॉपमध्ये दिसतो. तो आधी जोडून घ्या. गॉगल घेताना रंगाकडे पाहू नका, काचेवर किंवा काडीवर छापलेले आकडे वाचा. 900 ते 1100 नॅनोमीटरच्या पट्ट्यात ओडी 5 म्हणजे झोताचा एक लाखावा भाग आत येतो, ओडी 6 म्हणजे दहा लाखावा. फायबर मशीनसाठी तो पट्टा लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या मशीनचा प्रकाश 10,600 नॅनोमीटरचा असतो, त्याला तो गॉगल धरू नका. त्या आकड्याचा वेगळा मिळतो. छापील आकडाच नसलेला, शंभर-दीडशे रुपयांचा हिरवा गॉगल मशीनबरोबर फुकट आला असेल तर तो वेल्डिंगवाल्यालाही देऊ नका, त्याच्याही कामाचा नाही.